ऐकणाऱ्यांचे कोलकाता

वराहनगरला बहिणीच्या घरी येऊन राहिलेला सत्तावीस वर्षांचा एक मास्तर २६ फेब्रुवारी १८८२ रोजी, रविवारी, भाच्याला बरोबर घेऊन बागा पाहत हिंडत होता. एकत्र कुटुंबातल्या कटकटींना कंटाळून तो बायकोसह घराबाहेर पडला होता आणि जगण्यावरूनच त्याचे मन उठले होते. भाचा म्हणाला, जवळच गंगेवर राणी रासमणीचे देऊळ आहे, तिथे एक परमहंस असतात, जायचे का? दोघे गेले. खोली माणसांनी भरलेली. खाटेवर पूर्वेकडे तोंड करून बसलेला एक माणूस हसतमुखाने बोलत होता, बाकीचे जमिनीवर बसून ऐकत होते. मास्तर दाराशीच थबकला. त्याला लहानपणापासून रोजनिशी लिहायची सवय होती. ती सवय त्या संध्याकाळपासून एका नव्या कामाला लागली.

मास्तरांचे नाव महेंद्रनाथ गुप्त. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या शाळेच्या श्यामबाजार शाखेचे ते मुख्याध्यापक. दक्षिणेश्वरच्या त्या खोलीत पुढची चार-साडेचार वर्षे जे ऐकले, ते त्यांनी ‘श्रीश्रीरामकृष्ण कथामृत’ या नावाने पाच भागांत छापले. पहिला भाग १९०२ साली आला, शेवटचा १९३२ साली. पुस्तकावर स्वतःचे नाव घातले नाही, ‘श्रीम’ एवढीच खूण ठेवली. आज रामकृष्णांचे बोलणे म्हणून जगात जे वाचले जाते, त्याचा मोठा हिस्सा या एका गृहस्थाच्या वह्यांतून आलेला आहे.

कोलकात्यातल्या आधुनिक काळातल्या गुरूंवर पुस्तक लिहायचे ठरवले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर अर्थातच गुरू होते. रामकृष्ण, शारदादेवी, विवेकानंद, योगानंद, भक्तिसिद्धांत सरस्वती, भक्तिवेदांत स्वामी. हाजरा रोडजवळ राहत असताना सुट्टीच्या दिवशी एकेक घर, एकेक घाट पाहायला जायची मी. वहीत गुरूंविषयी टिपणे वाढत होती, आणि प्रत्येक टिपणात कोणी तरी दुसराच माणूस कोपऱ्यात बसलेला दिसत होता. तो लिहीत होता, किंवा पुस्तकाची मुद्रिते तपासत होता, किंवा छपाईसाठी कर्ज काढत होता. शेवटी मला कळले की माझे पुस्तक या माणसांचे आहे. गुरू बोलून गेले. ते बोलणे नागपूर, न्यूयॉर्क, लंडनपर्यंत पोहोचले, कारण कोणी तरी नीट ऐकले आणि त्या ऐकण्यापायी स्वतःचे आयुष्य खर्ची घातले. पुढच्या सगळ्या प्रकरणांमागे हे एकच म्हणणे आहे, आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे.

मराठी वाचकाला हे म्हणणे परके वाटू नये. आपल्या गद्याची सुरुवातच अशा ऐकणाऱ्यापासून होते. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडून एकेक आठवण गोळा केली, पारखून घेतली, आणि तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. ज्ञानेश्वरीचे लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव आपण आदराने घेतो. तुकोबांच्या अभंगांच्या वह्यांसाठी संताजी जगनाड्यांचे स्मरण करतो. ‘कथामृत’ पहिल्यांदा वाचताना मला ‘लीळाचरित्रा’ची आठवण झाली ती उगाच नव्हे. तोच लहान प्रसंग, तीच बोलभाषा, कोण कुठे बसले होते आणि कोणी काय विचारले हे सांगण्याची तीच ओढ. फरक आहे तो साधनांचा. महेंद्रनाथ इंग्रजी शिकलेले, प्रेसिडेन्सी कॉलेजातून बाहेर पडलेले. वार, तारीख, तिथी, वेळ, हजर असलेल्यांची नावे हे सगळे ते प्रत्येक प्रसंगाच्या माथ्यावर लिहितात.

त्यांच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. समोर बसून ते लिहीत नसत. घरी परतल्यावर आठवून टिपणे काढत, तीही तुटक: एखादा शब्द, गाण्याचे पहिले चरण, माणसाचे नाव. मग त्या टिपणांवर बसून सगळा प्रसंग मनात पुन्हा उभा करत. एका दिवसाचे लिहून व्हायला कधी कधी अनेक दिवस लागत. पुढे छापायची वेळ आली तेव्हा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्याच टिपणांवरून ते त्या खोलीत परत जात.

हे काम किती अवघड आहे ते मला करून पाहिल्यावर कळले. गोलपार्कला रामकृष्ण मिशनच्या सभागृहात एका संध्याकाळी तासभर प्रवचन ऐकले, मन लावून ऐकले, आणि घरी येऊन लगेच लिहायला बसले. दीड पान झाले. त्यात बोलणाऱ्याचा मुद्दा आला होता, पण त्याचे शब्द आले नव्हते. मध्येच त्यांनी एक साधे घरगुती उदाहरण दिले होते, त्यावर सगळे हसले होते. हसणे आठवत होते, उदाहरण गेले होते. त्या रात्री ‘कथामृत’ पुन्हा उघडले आणि ५ ऑगस्ट १८८२ चा प्रसंग वाचला. त्या दिवशी रामकृष्ण बादुडबागानला विद्यासागरांना भेटायला गेले होते आणि ती भेट महेंद्रनाथांनीच जुळवून आणली होती. विद्यासागरांच्या दिवाणखान्यात काय काय होते ते सगळे तिथे आहे. बांधून घेतलेली पुस्तके आहेत. टेबलावर पडलेली पत्रे आहेत, आणि ती गरजूंची, मदत मागणारी आहेत हेही आहे. पाहुण्यांपुढे वर्धमानची मिठाई आली, ती मास्तरांनाही मिळाली, हेही आहे. या मिठाईचा अध्यात्माशी काय संबंध, असे कोणी विचारील. माझ्या मते संबंध आहे. जो माणूस मिठाई कुठली होती हे विसरत नाही, त्याने शब्दही विसरलेले नसणार हा विश्वास तिथून येतो.

या ऐकण्याची किंमत त्यांनी मोजली. १८८५ च्या अखेरीस रामकृष्णांना घशाच्या कर्करोगामुळे आधी श्यामपुकुरच्या आणि मग काशीपूरच्या बागेतल्या घरात हलवले गेले. महेंद्रनाथांचे तिकडे जाणे वाढले. शाळेचा निकाल घसरला तेव्हा विद्यासागरांनी त्यांच्या या जाण्यावर बोट ठेवले, आणि घरसंसार असलेल्या या मास्तराने नोकरी सोडली. १६ ऑगस्ट १८८६ रोजी काशीपूरला रामकृष्ण गेले.

रामकृष्णांची पहिली प्रसिद्धी मात्र ‘कथामृता’ने केलेली नाही, ती ब्राह्मो समाजाने केली. १८७५ साली केशवचंद्र सेन त्यांना भेटले आणि आपल्या नियतकालिकांतून त्यांच्याबद्दल लिहू लागले. मूर्तिपूजा न मानणाऱ्या समाजाच्या पुढाऱ्याने कालीच्या पुजाऱ्याची ओळख कोलकात्याच्या शिकलेल्या लोकांना करून द्यावी, यात त्या काळच्या कोलकात्याचा मोठेपणा आहे. याच केशवचंद्रांच्या १८६४ च्या मुंबईभेटीने आपल्याकडची मंडळी हलली आणि १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन झाला. त्या समाजातून रानडे-भांडारकर पुन्हा तुकारामांकडे वळले. कोलकाता आणि महाराष्ट्र यांच्यातली ही देवघेव पुढच्या प्रकरणांत अनेकदा दिसेल.

आणखी एक योगायोग इथे नोंदवते, कारण तो माझ्या मनातून जात नाही. उत्तर कोलकात्यात हेदुआ तळ्याजवळ स्कॉटिश चर्च कॉलेज आहे. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी चालवलेले. विवेकानंद, म्हणजे तेव्हाचे नरेंद्रनाथ दत्त, या कॉलेजचे जुने नाव जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन असताना तिथे शिकले. पुढे योगानंद तिथे शिकले. आणि हरे कृष्ण आंदोलनाचे संस्थापक भक्तिवेदांत स्वामी, म्हणजे तेव्हाचे अभयचरण दे, तेही तिथलेच. समुद्र ओलांडून हिंदू शिकवण पश्चिमेला नेणारे तीन संन्यासी एकाच मिशनरी कॉलेजच्या बाकांवरून उठले. नरेंद्रनाथांच्या वेळी प्राचार्य होते विल्यम हेस्टी. वर्डस्वर्थची कविता शिकवताना समाधीसारख्या अवस्थेचा शब्द आला, तेव्हा ते मुलांना म्हणाले की अशी अवस्था पाहायची असेल तर दक्षिणेश्वरला जा. स्कॉटलंडच्या एका पाद्र्याने बोट दाखवले आणि एक विद्यार्थी तिकडे निघाला. हेस्टीसाहेबांचे हे ऋण आपण फारसे आठवत नाही, आठवायला हवे.

विवेकानंदांची गोष्ट मराठी घरांत ठाऊक आहे, म्हणून शिकागोच्या ११ सप्टेंबर १८९३ च्या भाषणावर मी या पुस्तकात थोडकेच लिहिले आहे. टाळ्या पडल्या, वर्तमानपत्रांत नाव आले, सगळे खरे. पण नावाने शिकवण टिकत नाही. डिसेंबर १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या शिष्यांनी स्वामींच्या वर्गांसाठी लघुलेखक नेमायचे ठरवले. आधीच्यांना स्वामींच्या बोलण्याचा वेग आणि विषय झेपेना. मग जे. जे. गुडविन नावाचा पंचविशीतला इंग्रज आला. काही दिवसांतच त्याने पगार घेणे बंद केले. ‘कर्मयोग’सारखी पुस्तके आज हातात आहेत ती या मुलाच्या हातून. स्वामी आदल्या दिवशी काही लिहून ठेवत नसत, बोलत जात. दिवसा बोललेले गुडविन रात्री टंकून काढी. तो त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेला, १८९७ साली भारतात आला, कोलंबोपासून अल्मोड्यापर्यंतची भाषणे त्याने टिपली. २ जून १८९८ रोजी उटकमंडला त्याचा मृत्यू झाला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. विवेकानंदांचे ग्रंथ घरात लाल कापडात बांधून ठेवणारी कितीतरी माणसे मी पाहिली आहेत. त्यांतल्या फार थोड्यांना गुडविन माहीत होता. या पुस्तकातले त्याच्यावरचे प्रकरण सगळ्यात लांब झाले आहे आणि ते कापायला मी तयार झाले नाही.

आपल्याकडच्या एका ऐकणाऱ्याचेही नाव इथे घ्यायला हवे. १८९२ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवर टिळक पुण्याच्या गाडीत बसले होते. त्यांच्या डब्यात कोणी एक संन्यासी आणून बसवला गेला. तो टिळकांबरोबर पुण्याला आला आणि आठ-दहा दिवस त्यांच्या घरी राहिला. नाव विचारले तर फक्त ‘संन्यासी’ म्हणे. जवळ पैसा नाही. मृगाजिन, एक-दोन वस्त्रे आणि कमंडलू एवढेच सामान. शिकागोची बातमी आली तेव्हा टिळकांना वाटले, हा तोच असावा. पुढे राष्ट्रसभेच्या अधिवेशनासाठी कोलकात्याला गेले असता ते बेलूर मठात गेले. चहा झाला. बोलता बोलता स्वामी थट्टेने म्हणाले, तुम्ही संन्यास घेऊन बंगालमध्ये माझे काम करा, मी महाराष्ट्रात जाऊन तुमचे करतो. टिळकांनी हे सगळे आठवणींत सांगून ठेवले, म्हणून आपल्याला कळते. पुण्यानंतर कोल्हापूर आणि मग बेळगाव. बेळगावात स्वामी वकील भाटे यांच्या घरी उतरले होते आणि त्या घरच्या मुलाने मोठेपणी लिहिलेल्या आठवणींत विडा खाणारा, पाणिनी तोंडपाठ असलेला हा तरुण संन्यासी जिवंत दिसतो. मला या बेळगावच्या आठवणी शिकागोच्या वर्णनांपेक्षा जवळच्या वाटतात. घरातल्या मंडळींना अजून माहीत नव्हते की पाहुणा कोण आहे. त्यांनी पाहुण्यालाच पाहिले, प्रसिद्धीला नाही.

आता बागबाजार. १ मे १८९७ रोजी याच भागात, बलराम बसूंच्या घरी, विवेकानंदांनी रामकृष्ण मिशनची स्थापना केली. तिथून काही पावलांवर ‘उद्बोधन’चे घर आहे, लोकांच्या तोंडी ‘मायेर बाडी’, आईचे घर. ‘उद्बोधन’ हे मठाचे बंगाली नियतकालिक जानेवारी १८९९ मध्ये सुरू झाले. त्याच्या कचेरीसाठी आणि रामकृष्णांच्या पत्नी शारदादेवींना कोलकात्यात राहायला जागा व्हावी म्हणून रामकृष्णांचे शिष्य स्वामी शारदानंद यांनी हे घर बांधले, त्यासाठी कर्ज काढले. २३ मे १९०९ रोजी शारदादेवी तिथे राहायला आल्या. वर आई, खाली छपाईचे कागद. शारदानंद जिन्यापाशी छोट्या खोलीत बसत आणि स्वतःला आईचा दरवान म्हणवत. कर्ज फेडायचे होते, म्हणून तिथे बसून त्यांनी ‘श्रीश्रीरामकृष्ण लीलाप्रसंग’ लिहायला घेतला. बाहेर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ, आत बायकांचा घरकामाचा आवाज, आणि त्यात हे चरित्र अंकाअंकातून छापले जात होते. रामकृष्णांचे सगळ्यात विचारपूर्वक लिहिलेले चरित्र घराच्या कर्जापायी लिहिले गेले, हे मला फार मोलाचे वाटते. भक्तीला व्यवहाराचा विटाळ होत नाही हे त्या जिन्यापाशी उभे राहिले की समजते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वरच्या मजल्यावर आरतीची तयारी चालली होती. खालच्या बाजूला पुस्तके विकायला मांडलेली होती आणि एक शाळकरी मुलगी पैसे मोजून ‘कथामृता’चा एक भाग घेत होती.

पण ऐकणाऱ्यांचा हा इतिहास लिहिताना एक उणीव स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. ‘कथामृत’ हे एका पुरुषाने, एका नोकरदाराने ऐकलेले आहे. महेंद्रनाथ रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी जात. म्हणून आपल्याला भेटतात ते बहुतकरून रविवारचे रामकृष्ण, बैठकीतले रामकृष्ण, गृहस्थांशी बोलणारे. दक्षिणेश्वरच्या आवारात नहबतखान्याची एक अगदी लहान, अष्टकोनी खोली आहे. शारदादेवी तिथे राहत. खोलीच्या व्हरांड्याला बांबूच्या चटईचा आडोसा होता आणि त्या चटईला पडलेल्या भोकातून त्या पलीकडचे कीर्तन, नाच, बोलणे पाहत-ऐकत. त्यांनी जे ऐकले ते कोणी लिहून घेतले नाही. गोपालेर मा, योगीन-मा, गोलाप-मा या बायकांनी काय ऐकले त्याचीही तुटक नोंद उरली आहे. पुढे शारदादेवींचे बोलणे अनेकांनी, त्यात काही बायकांनीही, टिपून ठेवले आणि ते ‘श्रीश्री मायेर कथा’ म्हणून छापले गेले; भाजी निवडताना, पानाचे विडे लावताना केलेले बोलणे. ते वाचताना जाणवते की याच घराण्याचा एक वेगळा आवाज आहे, कमी शब्दांचा, आणि तो आपल्यापर्यंत जेमतेम पोहोचला. नहबतखान्यापुढे बायका रांग लावून उभ्या असतात आणि एकेक जण दारातून वाकून आत पाहते. मी तिथे उभी राहून त्या खोलीची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजली. स्वयंपाकाची भांडी, शिधा, शिंकी, मुक्कामाला आलेल्या बायका, सगळे एवढ्यात. आणि एवढ्यात एक कान.

अनुवादाचाही प्रश्न आहे. स्वामी निखिलानंदांचा इंग्रजी अनुवाद १९४२ साली न्यूयॉर्कला निघाला, आल्डस हक्सलींच्या प्रस्तावनेसह. ‘कथामृत’ जगात गेले ते मुख्यतः या अनुवादामुळे. त्यात काही मजकूर गाळला गेला, खेडवळ बोलीचा खरखरीतपणा गुळगुळीत झाला, आणि त्यावरून अभ्यासकांत पुढे कडाक्याचे वाद झाले. त्या वादांत मी शिरलेले नाही. एवढेच म्हणते की ज्यांना जमेल त्यांनी मूळ बंगाली वाचावे. मराठी माणसाला बंगाली शिकणे फार जड जात नाही, आणि कामारपुकुर खेड्यात वाढलेल्या रामकृष्णांची बोली ऐकायला तेवढे कष्ट घ्यावेत. मराठी आणि हिंदी वाचकांसाठी बरेच काम नागपूरच्या धंतोलीतल्या रामकृष्ण मठाने केले आहे. १९२८ साली सुरू झालेल्या या मठाने स्वस्त, स्वच्छ छापलेली पुस्तके विदर्भातल्या गावोगावच्या घरांत पोहोचवली. हिंदी ‘कथामृत’ निरालांच्या हातचे आहे.

छापखान्याला देवाचे वाद्य मानणारा एक संप्रदायही याच शहरात वाढला. भक्तिसिद्धांत सरस्वती छापखान्याला ‘बृहत् मृदंग’ म्हणत. मृदंग वाजला तर गल्लीला ऐकू जातो, छापखाना वाजला तर मुलखाला. १९२२ साली उलटाडांगा भागात त्यांची आणि अभयचरण दे यांची पहिली भेट झाली आणि इंग्रजी येणाऱ्या या तरुणाला त्यांनी सांगितले की चैतन्यांची शिकवण इंग्रजीतून पसरव. अभयचरणांनी संसार केला, औषधांचा धंदा केला, १९४४ साली ‘बॅक टू गॉडहेड’ हे नियतकालिक काढले. पण तो शब्द त्यांनी पाळला तो एकोणसत्तराव्या वर्षी. १३ ऑगस्ट १९६५ रोजी कोलकात्याच्या गोदीतून ‘जलदूत’ ही मालवाहू आगबोट निघाली, तिच्यात हे म्हातारे संन्यासी होते. तिकीट मुंबईच्या सिंदिया कंपनीच्या सुमती मोरारजींनी दिले होते. खिशात चाळीस रुपये, पेटीत भागवताच्या पहिल्या स्कंधाचे स्वतः छापलेले तीन-तीन खंड. वाटेत दोनदा हृदयविकाराचा झटका आला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये ‘इस्कॉन’ची नोंदणी झाली. त्यानंतरची मंदिरे, मिरवणुका, जुहूचे देऊळ सगळ्यांनी पाहिले आहे. माझ्या मनात मात्र पहाटेचे दृश्य आहे. मध्यरात्र उलटल्यावर उठून ते डिक्टाफोनवर भागवताचे भाषांतर बोलत. सकाळी अमेरिकन मुले त्या फिती ऐकून टंकलेखन करत, अनोळखी संस्कृत शब्द अडखळत लिहीत. ऐकणारे आता हजारो मैल दूरचे होते, पण काम मास्तरांचेच होते.

योगानंदांकडे येताना पुन्हा महेंद्रनाथ भेटतात. गडपार रोडला राहणारा मुकुंद घोष नावाचा मुलगा अ‍ॅमहर्स्ट स्ट्रीटवरच्या ५० क्रमांकाच्या घरी मास्तर महाशयांना भेटायला जाई. त्या घरात आधी मुकुंदचेच कुटुंब राहत असे, आणि त्याची आई तिथेच वारली होती. पुढे महेंद्रनाथ तिथे राहायला आले. आईसाठी तळमळणारा मुलगा आणि जगन्माता म्हणता म्हणता डोळे भरून येणारा म्हातारा, दोघांची गाठ अशा घरात पडावी. तो मुलगा योगानंद झाला, १९२० साली बोस्टनला गेला, आणि १९४६ च्या आपल्या आत्मचरित्रात त्याने या भेटींवर एक सबंध प्रकरण लिहिले. आयुष्यभर दुसऱ्याचे बोलणे लिहिणाऱ्या माणसाचे बोलणे अशा रीतीने कोणी तरी लिहून ठेवले. त्या आत्मचरित्राच्या मराठी अवताराचे नाव ‘योगी कथामृत’ आहे, हे मला अगदी योग्य वाटते. योगानंदांची व्याख्यानेही उरली ती दया माता या अमेरिकन शिष्येच्या लघुलेखनामुळे.

हे वाचून कोणी म्हणेल, महाराष्ट्रात हे कुठे आहे? मुंबईत खेतवाडीतल्या एका लहानशा माडीवर, विडीचे दुकान चालवलेले निसर्गदत्त महाराज मराठीत बोलत. त्या बोलण्याच्या ध्वनिफितींवरून मॉरिस फ्रीडमन यांनी इंग्रजी पुस्तक केले, ‘आय अ‍ॅम दॅट’. ते १९७३ साली निघाले आणि जगभरची माणसे खेतवाडीचा पत्ता शोधत आली. दक्षिणेश्वरची खोली आणि खेतवाडीची माडी यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. दोन्हीकडे बोलणारा फारसा शिकलेला नाही, घरातली भाषा बोलतो, आणि दोन्हीकडे एक माणूस शब्द पडू द्यायचा नाही म्हणून बसला आहे.

आज गुरूंच्या बोलण्याचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे फोनवर येतात. माझ्या आईकडेही येतात, ती मन लावून ऐकते, आणि त्यात तिला आधार मिळतो हे मी पाहिले आहे. त्यामुळे त्यांना नावे ठेवायला माझी जीभ उचलत नाही. पण त्या तुकड्यात प्रश्न विचारणारा नसतो. कोणाला, कधी, कशासाठी हे सांगितले, ते गेलेले असते. रामकृष्ण गिरीश घोषांसारख्या नाटकवाल्याला एक सांगत, नरेंद्राला दुसरे, आणि मुलगा गमावलेल्या बापापुढे काहीच न सांगता गात बसत. महेंद्रनाथांनी नावे लिहून ठेवली म्हणून या वेगवेगळ्या उत्तरांचा परस्परविरोध वाटत नाही. नावे काढून टाका, उरतील ती भिंतीवर लावायची वाक्ये. म्हणून या पुस्तकात मी गुरूंची वचने वेगळी काढून दिलेली नाहीत. प्रकाशकांनी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी निवडक विचार द्यावेत असे सुचवले होते. मी नम्रपणे नको म्हटले.

ज्यांना पुस्तक घेऊन शहरात फिरायचे आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगते. दक्षिणेश्वरपासून सुरुवात करू नका, तिथे गर्दीत काही ऐकू येत नाही. कॉलेज स्ट्रीटवरून ठनठनियाच्या कालीमंदिराकडे या. जवळच गुरुप्रसाद चौधुरी लेन आहे, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे लागते अशी. तिथले महेंद्रनाथांचे राहते घर आता ‘कथामृत भवन’ म्हणून ओळखले जाते. ४ जून १९३२ रोजी पहाटे ते गेले, तेव्हा पाचव्या भागाची छपाई चालू होती. दक्षिणेश्वरच्या दाराशी थबकल्याला पन्नास वर्षे होऊन गेली होती. मी गेले त्या दुपारी गल्लीत कोणी नव्हते. वरच्या खिडकीतून वाळत घातलेल्या साडीचे पाणी टपकत होते, आणि शेजारच्या घरात कोणी तरी लहान मुलाकडून बंगाली धडा वाचून घेत होते. चुकला की पुन्हा पहिल्यापासून.